तीस वर्षं भट्टीपुढे बसलो, म्हणून प्रोस्टेट वाढली का?

"स. न. वि. वि. माझं वय ६४. गाव खानापूर तालुक्यात, विट्याजवळ. सतराव्या वर्षी चुलत्यांबरोबर गलाईच्या कामाला तमिळनाडूत गेलो. तीस वर्षं सोनं-चांदी आटवायच्या भट्टीपुढे काढली. आता दुकान थोरला मुलगा बघतो. आम्ही दोघं गावी असतो, थोडी द्राक्षबाग आहे. दोन वर्षं झाली, रात्री चार-पाच वेळा लघवीला उठावं लागतं. धार बारीक, सुरू व्हायला वेळ लागतो, झाल्यावरही मोकळं वाटत नाही. एसटीत जीव मुठीत धरून बसतो. पाव्हण्यारावळ्यांकडं जाणंच सोडलंय. सोनोग्राफीत प्रोस्टेट ४८ ग्रॅम आणि लघवीनंतर ९० मिली शिल्लक, असं आलं. साखरेची गोळी दहा वर्षं चालू आहे, परवा उपाशीपोटी २१० आली. वजन ८६ किलो. मेहुणे म्हणतात, भट्टीची उष्णता अंगात मुरली. गिऱ्हाईक समोर बसलेलं असायचं, सोनं टाकून उठता यायचं नाही, त्यामुळं लघवी दाबून ठेवायची सवय लागली होती. त्यानं झालं का? मंडळींना वाटतं, दुसऱ्या मुलानंतर नसबंदी केली तिचा हा परिणाम. धाकट्या भावाचं ५७ व्या वर्षी याचंच ऑपरेशन झालं. हा कॅन्सर तर नाही ना? माझ्या मुलांनाही होईल का? त्यांना अजून काही बोललेलो नाही. एका पाव्हण्यांनी झाडपाल्याची पावडर दिली आहे, ती घेऊ का?"
— एक वाचक, खानापूर तालुका

काका, नमस्कार.

पत्रात तुम्ही तुमच्या सगळ्या आयुष्याची झडती घेतली आहे. भट्टी, गिऱ्हाईक, नसबंदी, सगळीकडे दोष शोधून झाला. म्हणून आधी ते ओझं उतरवू या. तुमची प्रोस्टेट भट्टीमुळे वाढलेली नाही. लघवी दाबून ठेवल्यामुळे नाही आणि नसबंदीमुळे तर अजिबात नाही. नसबंदीत फक्त शुक्राणू वाहून नेणारी नस बांधतात. अंडकोषातून रक्तात जाणारं पुरुषी हार्मोन पूर्वीसारखंच चालू राहतं आणि प्रोस्टेटचा संबंध त्या हार्मोनशी आहे. एवढं मंडळींना नक्की सांगा. घर दोन मुलांवर थांबवण्यासाठी तुम्ही स्वतः ऑपरेशन करून घेतलंत. आपल्याकडे बहुतेक घरांत ते बाईच्याच वाट्याला येतं. त्या निर्णयाचा आता पश्चात्ताप करू नका.

भट्टीबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण खानापूर-आटपाडीकडची कितीतरी माणसं देशभर हेच काम करतात आणि उष्णतेची ही समजूत त्यांच्यात पक्की आहे. भट्टीपुढे घाम गाळून, पाणी कमी पिऊन वर्षानुवर्षं काम केलं की लघवी घट्ट होते आणि मुतखड्याचा धोका खरोखर वाढतो. या कामात वापरतात त्या आम्लाच्या वाफा फुफ्फुसांना बाधतात. या दोन कारणांसाठी तुमच्या मुलाच्या दुकानात पाण्याची बाटली हाताशी हवी आणि धूर बाहेर काढणारा पंखा चालू हवा. पण उष्णता अंगात मुरते आणि वीस वर्षांनी प्रोस्टेट बनून बाहेर येते, असं काही नसतं. आयुष्यभर सावलीत खुर्चीवर बसलेल्या मास्तरांची प्रोस्टेटही वाढते आणि उसात राबलेल्या माणसाचीही.

लघवी दाबून ठेवण्याचंही तसंच. ती सवय वाईटच, पण तिचा त्रास लघवीच्या पिशवीला होतो. प्रोस्टेट ग्रंथी तिच्यामुळे वाढत नाही. मात्र आता ग्रंथी वाढलेली असताना दाबून ठेवाल, तर पिशवी जास्त ताणली जाऊन लघवी एकदम अडकू शकते. म्हणून प्रवासाला निघण्याआधी आणि गाडी थांबेल तिथे जाऊन यायला संकोच करू नका.

मग खरं कारण काय?

प्रोस्टेट ही फक्त पुरुषांना असलेली ग्रंथी. ती लघवीच्या पिशवीच्या तोंडाशी, लघवीच्या नळीभोवती असते. वीर्यातला काही द्रव ती तयार करते. तरुणपणी तिचं वजन सुमारे २० ग्रॅम असतं. वयात येताना ती एकदा वाढते, आणि पुढे तिशी-चाळिशीपासून हळूहळू पुन्हा वाढू लागते. ही दुसरी वाढ मुख्यतः नळीला लागून असलेल्या आतल्या भागात होते, म्हणून नळी दाबली जाते. पन्नाशी ते साठीच्या दरम्यान सुमारे निम्म्या पुरुषांत ही वाढ सुरू झालेली असते. ऐंशी ओलांडलेल्या दहा जणांत आठ-नऊ जणांना ती सापडते. सगळ्यांना त्रास होतोच असं नाही. पण गावातल्या पारावर बसलेल्या तुमच्या वयाच्या मंडळींपैकी किती जण रात्री उठत असतील, याचा अंदाज तुम्हाला येईल. फरक इतकाच, की कुणी बोलत नाही.

या वाढीला दोन गोष्टी लागतात: वय आणि पुरुषी हार्मोन. अंडकोषातून येणारं टेस्टोस्टेरॉन प्रोस्टेटमध्ये पोचल्यावर एका एन्झाइममुळे त्याचं आणखी प्रभावी रूप बनतं, डायहायड्रोटेस्टोस्टेरॉन. प्रोस्टेटच्या पेशींना वाढीचा हुकूम देतं ते हेच. वय वाढतं तशा नव्या पेशी तयार होत राहतात, पण जुन्या पेशी जितक्या मरायला हव्यात तितक्या मरत नाहीत. शिल्लक साचत जाते. रक्तातलं टेस्टोस्टेरॉन उतारवयात थोडं कमी होतं, पण ग्रंथीच्या आत हे प्रभावी रूप टिकून राहतं. त्यातच शरीरातल्या स्त्री-हार्मोनचं प्रमाण तुलनेनं वाढतं, आणि तेही या वाढीला हातभार लावत असावं असं मानतात.

हे कळलं कसं, ती हकीकत सांगण्यासारखी आहे. ज्यांचे अंडकोष वयात येण्याआधीच काढले गेले, अशा पुरुषांना म्हातारपणी हा आजार होत नाही, हे डॉक्टरांना आधीपासून ठाऊक होतं. मग १९७४ साली डोमिनिकन रिपब्लिक या देशातल्या काही कुटुंबांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांच्यातल्या काही मुलांत हे एन्झाइम जन्मतःच कमी होतं. ती मुलं मोठी झाली, आवाज फुटला, अंग भरलं, पण प्रोस्टेट लहानच राहिली. त्या धाग्यावरून पुढे एन्झाइम अडवणारी गोळी तयार झाली. तिचं नाव फिनास्टेराइड. १९९२ मध्ये अमेरिकेत तिला मान्यता मिळाली. आज विट्याच्या मेडिकलमध्येही ती मिळते. म्हणजे काका, ज्या हार्मोनमुळे तुम्हाला मिसरूड फुटलं, त्याच्याच साखळीतला हा प्रकार आहे. तरुणपणी काय केलं, किती केलं, याच्याशी त्याचा संबंध नाही. तुम्ही तसं स्पष्ट विचारलेलं नाही, पण अनेकांच्या मनात ती शंका असते, म्हणून लिहिलं.

आता भावाचं ऑपरेशन. तुमच्या पत्रातली ही ओळ मला सगळ्यात महत्त्वाची वाटली, आणि तुम्ही ती जाता जाता लिहिली आहे. सत्तरीत ऑपरेशन झालेल्या माणसाच्या बाबतीत घराण्यापेक्षा वयाचाच वाटा मोठा असतो. साठीच्या आत आणि तेही बऱ्याच मोठ्या ग्रंथीसाठी ऑपरेशन करावं लागलं असेल, तर मात्र आनुवंशिकतेचा संशय घ्यावा लागतो. अशा रुग्णांच्या भावांना आणि मुलांना पुढे असं ऑपरेशन लागण्याची शक्यता इतरांच्या जवळपास चौपट असल्याचं अमेरिकेतल्या एका अभ्यासात दिसलं होतं. म्हणून तुमच्या मुलांना हे कळायलाच हवं. त्यांना होईलच असं नाही आणि आज पस्तिशीत त्यांनी कसली तपासणी करायचीही गरज नाही. पण उद्या पंचेचाळिशी-पन्नाशीत धार बारीक झाली, तर त्यांनी दोन वर्षं अंगावर काढू नये. तुम्ही लपवलंत तर तेही लपवतील.

वय आणि घराणं आपल्या हातात नाही. हातात आहे ते तुमचं पोट आणि तुमची साखर, आणि इथे मी जरा कडक बोलणार आहे.

पोटाभोवतीची चरबी नुसती पडून नसते. ती पुरुषी हार्मोनचं रूपांतर स्त्री-हार्मोनमध्ये करते आणि शरीरात बारीक दाह चालू ठेवते. मोठेपणी होणाऱ्या (टाइप २) मधुमेहात वर्षानुवर्षं इन्सुलिन जास्त राहतं आणि तेही पेशींच्या वाढीला खतपाणी घालतं, असं मानायला जागा आहे. लठ्ठपणा, मधुमेह, रक्तदाब, हृदयविकार असलेल्यांत प्रोस्टेटचा त्रास जास्त दिसतो, हे वेगवेगळ्या देशांतल्या अभ्यासांतून आलं आहे. उलट बाजूही आहे. अमेरिकेतल्या आरोग्य क्षेत्रातल्या पुरुष कर्मचाऱ्यांच्या एका मोठ्या पाहणीचा निष्कर्ष १९९८ मध्ये आला. आठवड्याला दोन-तीन तास चालणाऱ्यांत हा त्रास सुमारे २५ टक्क्यांनी कमी होता. चालल्यानेच तो कमी झाला, असं अशा पाहणीतून शंभर टक्के सिद्ध होत नाही. पण मधुमेह आणि हृदयासाठी चालायचंच आहे, तर हे त्यात वरकड मिळतंय. रोज सकाळी बागेला फेरी होते असं तुम्ही म्हणाल. औषध मारणाऱ्या गड्यांवर लक्ष ठेवत बांधावर उभं राहणं म्हणजे चालणं नव्हे. दम थोडा लागेल अशा चालीनं अर्धा तास, आठवड्यातून पाच दिवस, हे मी म्हणतोय.

साखरेचा आणखी एक हिशेब आहे, आणि तो तुमच्या रात्रीच्या झोपेशी थेट जोडलेला आहे. उपाशीपोटी २१० साखर म्हणजे जास्तीची साखर लघवीवाटे बाहेर पडते आणि सोबत पाणी ओढून नेते. लघवी तयारच जास्त होते. शिवाय दहा वर्षांच्या मधुमेहात पिशवीच्या नसाही मंदावू शकतात आणि ती पूर्ण रिकामी होत नाही. म्हणजे तुमच्या चार-पाच फेऱ्यांतल्या काही फेऱ्या प्रोस्टेटच्या नावावर उगाच मांडल्या जात असतील. मधुमेहाच्या काही नव्या गोळ्या, उदाहरणार्थ डापाग्लिफ्लोझिन, साखर मुद्दाम लघवीतून काढतात आणि फेऱ्या वाढवतात. रक्तदाबाची पाणी उतरवणारी गोळी संध्याकाळी घेतली तरी तेच. यातली कुठलीही गोळी परस्पर बंद करू नका. फक्त डॉक्टरांपुढे सगळी पाकिटं ठेवा आणि वेळ बदलता येईल का ते विचारा. पायावर सूज असेल किंवा तुम्ही फार घोरत असाल, तर तेही सांगा. दोन्हींत रात्रीची लघवी वाढते.

सर्दीच्या गोळीबद्दल सावध करतो. नाक चोंदलं की मेडिकलमधून गोळी आणून घ्यायची आपल्याकडे रीतच आहे. त्या गोळ्यांत नाक मोकळं करणारं फेनिलेफ्रिन किंवा शिंका थांबवणारं क्लोरफेनिरामिन असतं. पहिल्यानं पिशवीच्या तोंडाचे स्नायू आवळतात, दुसऱ्यानं पिशवीचा जोर कमी होतो. प्रोस्टेट वाढलेल्या माणसाची लघवी अशा एखाद्या गोळीनं अचानक पूर्ण तुंबू शकते. मेडिकलवाल्याला आधी सांगायचं, 'मला प्रोस्टेट आहे', मग औषध मागायचं.

४८ ग्रॅम हा आकडा तुम्ही पत्रात लिहिलात. त्याला फार मान देऊ नका. आकार आणि त्रास यांचं गणित जुळत नाही. ३० ग्रॅमच्या ग्रंथीनं माणूस बेजार झालेला असतो आणि ८० ग्रॅमचा माणूस रात्रभर झोपतो. ती कुठल्या अंगाला वाढली, नळी किती दाबली गेली आणि पिशवीत किती दम उरला, यावर सगळं ठरतं. ठिबकची नळी कुठं दबली की मोटरवर ताण येतो. पिशवीचंही तसंच होतं. आधी तिचा स्नायू जोर लावून जाड होतो, आणि दुर्लक्ष केलं तर पुढे थकतो. म्हणून डॉक्टर ग्रॅमपेक्षा शिल्लक लघवी जास्त बारकाईनं बघतात. तुमची ९० मिली शिल्लक घाबरण्यासारखी नाही. सोनोग्राफीला तुंब भरेपर्यंत पाणी पाजलेलं असतं, तेव्हा ती खऱ्यापेक्षा जास्तही दिसते. पण ती पुन्हा एकदा मोजून घ्या.

कॅन्सरबद्दल. वयानं होणारी ही वाढ कॅन्सर नाही आणि तिचा पुढे कॅन्सर होत नाही. कॅन्सर बहुतेक वेळा ग्रंथीच्या बाहेरच्या भागात सुरू होतो, ही वाढ आतल्या भागात. मात्र एकाच माणसाला दोन्ही असू शकतात, आणि सुरुवातीच्या कॅन्सरला बहुतेकदा लक्षणं नसतात. त्यामुळे डॉक्टर बोटानं तपासतील आणि पीएसए ही रक्ततपासणी करावी का, यावर बोलतील. बोटाच्या तपासणीला लाजू नका, अर्ध्या मिनिटाचं काम असतं. पीएसए साध्या वाढीनं, लघवीच्या जंतुसंसर्गानं, लघवीसाठी नळी (कॅथेटर) घातल्यानंही वाढतं. आकडा जास्त आला म्हणून रात्र जागून काढायची नाही.

विट्यात तुमचे फॅमिली डॉक्टर असतीलच, सुरुवात त्यांच्यापासून करा. पुढे लागलं तर सांगली-मिरजेत लघवीच्या आजारांचे तज्ज्ञ आहेत, मिरजेला शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालयही आहे. जाण्याआधी तीन दिवस एक काम करा. खुणा असलेलं एक प्लॅस्टिकचं मापटं घ्या. किती वाजता किती लघवी झाली, किती पाणी-चहा प्यायलात, वहीत मांडा. गलाईतल्या माणसाला मिलिग्रॅमचा हिशेब लिहायची सवय असते, तुम्हाला हे जड जाणार नाही. झोपल्यानंतरची लघवी चोवीस तासांच्या एकूण लघवीच्या एक तृतीयांशाहून जास्त भरली, तर रात्री ती तयारच जास्त होतेय हे कळतं. मग उपचाराची दिशा बदलते. डॉक्टर तुम्हाला सात प्रश्नांचा एक तक्ताही विचारतील. त्यात ३५ पैकी गुण असतात. ७ पर्यंत सौम्य, १९ पर्यंत मध्यम, त्यावर तीव्र. सोबत लघवीची तपासणी आणि क्रिएटिनिन ही रक्ततपासणी करून घ्या. मधुमेह दहा वर्षांचा आहे, मूत्रपिंडाकडे बघायलाच हवं.

उपचारांबद्दल थोडक्यात. टॅमसुलोसिनसारख्या गोळीनं नळीभोवतीचा स्नायू सैल पडतो, काही दिवसांत धार सुधारते. सुरुवातीला उठताना चक्कर येऊ शकते, म्हणून रात्री पलंगाच्या काठावर मिनिटभर बसून मग उभं राहायचं. वीर्य कमी येतं किंवा येत नाही. त्याला घाबरायचं नाही. पुढे मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं, तर ही गोळी चालू आहे किंवा पूर्वी घेतली होती हे डोळ्यांच्या डॉक्टरांना आधीच सांगा. तिच्यामुळे ऑपरेशनच्या वेळी बाहुलीभोवतीचा रंगीत पडदा सैल पडतो. फिनास्टेराइडनं ग्रंथी आकसते, पण त्याला सहा महिने द्यावे लागतात आणि तिच्यामुळे पीएसए सुमारे निम्मं दिसतं, हे लक्षात ठेवावं लागतं. औषधांनी भागलं नाही, तर दुर्बिणीचं किंवा लेझरचं ऑपरेशन आहे. खर्चाची चिंता असेल, तर ते महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत बसतं का, हे रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारा.

तोवर पाणी तोडू नका. दिवसा पुरेसं प्या, संध्याकाळी सातनंतर कमी करा, आणि चारनंतरचा चहा सोडा. चहा सोडणं आपल्याकडे किती अवघड आहे ते मला माहीत आहे, तरी सोडा.

लघवी पूर्ण थांबून ओटीपोट फुगलं, थंडी वाजून ताप आला, लघवीतून रक्त गेलं, किंवा झोपेत नकळत अंथरूण ओलं होऊ लागलं, तर सकाळची वाट न बघता दवाखाना गाठा. शेवटचं लक्षण लोक म्हातारपणाच्या खात्यावर टाकतात. खरं तर पिशवी तुडुंब भरून वरून सांडत असते आणि मूत्रपिंडांवर दाब चढत असतो.

राहिली पावडर. काय आहे, किती आहे, हे पुडीवर लिहिलेलं नसेल तर ती घेऊ नका. मधुमेहात मूत्रपिंडं आधीच नाजूक असतात, आणि अशा पुड्यांत कधी धातू, कधी लपवून घातलेली गोळी निघते. परदेशात या त्रासासाठी सॉ पामेटो नावाच्या वनस्पतीचा अर्क फार खपतो. २००६ मध्ये अमेरिकेत त्याची नीट चाचणी झाली, तेव्हा तो खोट्या गोळीपेक्षा जास्त काम करत नाही असं दिसलं. पाव्हण्यांचा भाव चांगला आहे, त्यांना दुखवू नका. पुडी तपासणीच्या दिवशी डॉक्टरांना दाखवा.

आणि या रविवारी मुलाला फोन करा. मुलांच्या काकाचं ऑपरेशन कितव्या वर्षी झालं आणि ग्रंथी किती ग्रॅमची होती, हे भावाच्या कागदांवरून बघून दोन्ही मुलांना लिहून पाठवा. पुढे कधी त्यांना डॉक्टरांकडे जावं लागलं, तर हेच विचारलं जाईल.